कुस्तीचा निकाल कशाने लागतो?

कोपरखैरण्याजवळच्या एका गावठाणात जत्रेच्या कमिटीची बैठक होती. विषय एकच, यंदा कुस्त्या मातीत घ्यायच्या की मॅटवर. एका बाजूला गावातले जुने आगरी पैलवान बसले होते आणि त्यांच्या जोडीला वाशीच्या मार्केटात पाठीवर पोती वाहून आयुष्य काढलेले आमचे सातारा-पाटणकडचे माथाडी. त्यांचं म्हणणं, माती आपली आई आहे, मॅट परक्यांची. समोर तालमीत जाणाऱ्या पोरांचे बाप आणि दोन तरुण प्रशिक्षक. त्यांचं म्हणणं, ऑलिंपिकात माती नाही, मग पोरांची वर्षं मातीत का घालवायची? आवाज चढले, चहा फिरला, निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. दोन्हीकडच्या माणसांना मी ओळखतो आणि दोघांचीही तळमळ खरी आहे. पण त्या दोन तासांत कुस्ती जिंकली असं कधी म्हणायचं, हा प्रश्न एकानेही काढला नाही.

माझ्या मते सगळा वाद तिथेच चुकतो. पैलवानाचं अंग, त्याची सवय, त्याचे डाव घडवतो तो निकालाचा नियम. पायाखाली काय आहे ते त्यानंतर येतं. माती ठेवायची की मॅट आणायची हे गावाने आपल्या ऐपतीप्रमाणे आणि आवडीप्रमाणे ठरवावं. पण पोराला तू कोणत्या नियमाने लढतोयस हे शिकवलं नाही, तर माती आणि मॅट दोन्ही वाया जातील.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. १९९४ साली मी ठाण्यात कॉलेजच्या स्पर्धेत पहिल्यांदा मॅटवर उतरलो. त्याआधीची सगळी मेहनत गावच्या तालमीतली. समोरच्याने दुहेरी पट काढला, म्हणजे माझे दोन्ही पाय धरून ओढले, आणि मी खाली गेलो, पण शिकवल्याप्रमाणे पोटावर गेलो. कोपरं फासळ्यांना चिकटवली, हनुवटी छातीत घेतली, पाय फाकवले. मातीत असा पडलेला गडी हरलेला नसतो. तो दम घेतो, वरच्याला दमवतो, संधी मिळताच उठतो. वरच्याने माझ्या कमरेला कव घातली आणि भारंदाज मारला, म्हणजे मला कमरेतून धरून उलटवलं. मी अख्खा फिरलो आणि पुन्हा पोटावर आलो. मनात म्हटलं, वाचलो. तोवर पंचांनी दोन बोटं वर केली होती. कुस्ती संपली, त्याचा हात वर झाला, तेव्हा मी पंचांना विचारलं, "साहेब, माझी पाठ लागलीच नाही, मग मी हरलो कसा?" ते म्हणाले, "लागली नाही रे, पण वळली." ते एक वाक्य मला आधीच्या सहा वर्षांत कुणी सांगितलं असतं, तर त्या दिवशी मी पोटावर पडून राहिलो नसतो.

लागणं आणि वळणं यातच आपली मातीतली मैदानी कुस्ती आणि मॅटवरची फ्रीस्टाईल यांचा फरक आहे. आपल्याकडे पाठ पुरती जमिनीला लागेपर्यंत काहीच घडलेलं नसतं. फ्रीस्टाईलमध्ये पाठ मॅटकडे काटकोनापलीकडे वळली की दोन गुण जातात. गड्याला खाली घेऊन मागून ताबा मिळवला की दोन. उभ्याचा उचलून थेट पाठीवर टाकला तर चार, आणि उंचावरून मोठी झेप देऊन टाकला तर पाच. नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळाबाहेर पाय गेला की समोरच्याला एक. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती, आणि गुणांचा फरक दहा झाला की कुस्ती तिथेच थांबते. दोन्ही खांदे टेकवून धरले तर गुणांचा हिशेबच संपतो, म्हणजे चितपट तिथेही आहेच आणि सगळ्याच्या वर आहे. ग्रीको-रोमन या मॅटवरच्या दुसऱ्या प्रकारात कमरेखाली हात घालता येत नाही, पाय लावता येत नाही आणि आठच्या फरकावर कुस्ती संपते. मॅट मात्र तीच. एकाच मॅटवर एक गडी पट काढण्यात आयुष्य घालवतो आणि दुसऱ्याला पट काढायला बंदी असते. मग फरक मॅटने केला की नियमाने?

अजून खात्री हवी असेल तर जपानकडे बघा. सुमोचा आखाडा मातीचाच असतो, तुडवून घट्ट केलेला. पण तिथे तळपायाशिवाय अंगाचा कुठलाही भाग जमिनीला लागला किंवा गडी वर्तुळाबाहेर गेला की हार. त्या नियमातून ती डोंगरासारखी शरीरं आणि काही सेकंदांच्या लढती तयार झाल्या. माती आहे, पण आपल्या तालमीतला एकही खालचा डाव तिथे चालणार नाही. ज्युदोत २०१० पासून थेट पायाला हात घालण्यावर निर्बंध आले आणि २०१३ मध्ये त्यावर पूर्ण बंदी आली. चटई तीच राहिली, पण पायाला धरून पाडण्याचे जुने डाव स्पर्धेतून गेले. पायाखालची जागा बदलून इतका फरक पडल्याचं उदाहरण मला सापडत नाही.

आता परकेपणाचा मुद्दा. आमच्या तात्यांनी बैठकीत विचारलं होतं, इंग्रजांचा खेळ आपण का डोक्यावर घ्यायचा? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. फ्रीस्टाईलचं मूळ इंग्लंडच्या लँकेशायर भागातल्या ‘कॅच ॲज कॅच कॅन’ या कुस्तीत आहे, म्हणजे जमेल तसं धर. ती राजवाड्यात जन्मली नाही. खाणकामगार, गिरणी कामगार तिच्यात उतरायचे. अमेरिकेत ती जत्राजत्रांत रुजली. अब्राहम लिंकन तरुणपणी अशाच कुस्तीत नावाजलेला होता. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये ती पहिल्यांदा आली तेव्हा उतरलेले जवळपास सगळे मल्ल अमेरिकीच होते. जत्रा, कष्टकरी, पैजा, आव्हानं. यात आपल्याला अनोळखी काय आहे? उलट ज्या ग्रीको-रोमनला प्राचीनतेचं नाव मिळालं, ती एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये घडली. खऱ्या प्राचीन ग्रीक कुस्तीत पाय लावता येत होता आणि ती खेळली जायची अंगाला तेल लावून, खणून भुसभुशीत केलेल्या जमिनीत. म्हणजे माती ही फक्त आपलीच ठेव आहे असंही नाही.

आणि आपलं ते सगळं मुळात इथलंच का? बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने आपल्या ग्रंथात मल्लांचा आहार, मेहनत आणि लढती यांवर लिहून ठेवलंय, तेव्हा परंपरा जुनी आहे यात वादच नाही. पण कुस्ती, पैलवान, वस्ताद हे शब्द फारसी, तालीम अरबी. मल्लयुद्धाला इराणी वळण मिळून जे तयार झालं त्याला आपण आज आपली कुस्ती म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. शाहू महाराजांनी रोमचं कलोसियम पाहिलं, त्यातून स्फूर्ती घेतली आणि कोल्हापुरात खासबाग मैदान उभं केलं. १९१२ पासून त्या मैदानाची माती कपाळाला लावणाऱ्यांपैकी कुणाला ते परकं वाटलं? चांगलं ते घेणं आणि आपलं करून टाकणं ही कुस्तीची जुनी रीत आहे. फ्रीस्टाईलच्या बाबतीतच आपण अडून का बसावं?

मातीवाल्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा मात्र परकेपणाचा नाहीच. तो निकाली कुस्तीचा, म्हणजे गडी चीत होईपर्यंत चालणाऱ्या कुस्तीचा आहे. गुणांच्या कुस्तीत शेवटच्या तीस सेकंदांत पुढे असलेला गडी मागे-मागे सरकतो, समोरचा त्याच्या मागे धावतो, लोक चिडतात. रेषेबाहेर ढकलून मिळालेल्या एका गुणावर कुस्ती मारली जाते. जुने लोक याला ढकलाढकली म्हणतात आणि त्यांचं चुकत नाही. तो एक गुण मलाही खुपतो. ढाक किंवा कलाजंग असा डाव लागून गडी आस्मान बघतो आणि हलगीचा ठेका एकदम चढतो, त्या क्षणाची सर पाटीवरच्या आकड्याला येणार नाही. २००५ ते २०१३ या काळात तर नियम इतके बिघडले होते की बरोबरी झाल्यावर रंगीत चेंडू काढून पकडीचा पहिला हक्क कुणाचा ते ठरायचं. वर्षभराची मेहनत चिठ्ठीवर जावी, ही खरोखर वाईट गोष्ट होती.

पण निकाली कुस्ती नेहमी रंगतेच, हेही खरं नाही. याचा सगळ्यात मोठा साक्षीदार आपलाच गामा आहे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झिबिस्को यांची कॅच ॲज कॅच कॅन कुस्ती लागली. सुरुवातीलाच झिबिस्को खाली गेला आणि पोटावर पडून राहिला. कुस्ती अडीच तासांहून जास्त चालली आणि जवळपास सगळा वेळ तो तसाच पडून होता. गामाने जंग जंग पछाडलं, पण गडी उलटेना. कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा बोलावलं तेव्हा झिबिस्को आलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला. पुढे १९२८ मध्ये पतियाळात दोघे पुन्हा भिडले. दोघेही पन्नाशीला टेकलेले, आणि गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चीत केलं. मातीवाले हे उदाहरण मातीचा विजय म्हणून सांगतात. मी ते नियमाचं उदाहरण म्हणून सांगतो. लंडनला झिबिस्कोला उठायला लावणारा एकही नियम नव्हता. आजच्या फ्रीस्टाईलमध्ये असा पडून राहिलेला गडी मागच्या ताब्याचे दोन गुण देऊनच बसला असता, प्रत्येक भारंदाजाला आणखी दोन गेले असते, आणि उभ्याने नुसता बचाव करत राहिला असता तर पंचांनी तीस सेकंदांची ताकीद लावली असती. आजच्या नियमांनी १९१० चा गामा काही मिनिटांत जिंकला असता असं मला मनापासून वाटतं. गुण मोजणं हा मर्दानगीचा ऱ्हास म्हणणाऱ्यांनी एवढा विचार करावा की गुणांनी सगळ्यात जास्त संरक्षण आक्रमक मल्लालाच दिलंय.

वेळेची मर्यादाही अशीच आली. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये क्लाइन आणि असिकाइनेन यांची ग्रीको-रोमन कुस्ती ११ तास ४० मिनिटं चालली. क्लाइन जिंकला, पण इतका पिळून निघाला की अंतिम कुस्तीला उतरूच शकला नाही. त्याच स्पर्धेत दुसऱ्या गटाची अंतिम कुस्ती नऊ तास चालून निकाल लागेना, तेव्हा दोघांनाही रौप्य देऊन सुवर्ण कुणालाच दिलं नाही. तुर्कस्तानातल्या तेल लावून खेळायच्या कुस्तीला १९७५ पर्यंत वेळेचं बंधन नव्हतं; त्यांनीही ते घातलं, आणि ती कुस्ती आजही गवतावरच होते. जागा राखून नियम बदलता येतात याचा याहून चांगला दाखला कुठला? २०१३ च्या फेब्रुवारीत कुस्ती ऑलिंपिकमधून काढायची शिफारस झाली, तेव्हा जगभरच्या कुस्तीवाल्यांनी मॅटवर वाद घातला नाही. चेंडूची सोडत काढून टाकली, दोन फेऱ्यांचे गुण एकत्र मोजायला घेतले आणि सप्टेंबरपर्यंत खेळ परत आत आला.

आता मॅटवाल्यांकडे वळतो, कारण त्यांचं पारडं आज जड आहे. १९५२ मध्ये हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कांस्य जिंकलं, त्यानंतर ऑलिंपिक कुस्तीत महाराष्ट्राचं दुसरं पदक नाही. या वाक्यापुढे कुठलाही मातीप्रेमी गप्प होतो, आणि व्हायलाच हवं. भारताने कुस्तीत आजवर जिंकलेली आठही ऑलिंपिक पदकं फ्रीस्टाईलची, मॅटवरची. आणि मातीची सवय झालेला गडी मॅटवर संथ पडतो, उभा राहतो ताठ, पट काढायला उशीर करतो. हे मी अंगावर अनुभवलंय.

पण खाशाबा कुठे घडले? कराडजवळच्या गोळेश्वरात, मातीत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते पहिल्यांदा मॅटवर लढले आणि सहावे आले. तिथे रीस गार्डनर या अमेरिकी मल्लाने त्यांना मॅटच्या कुस्तीची रीत दाखवली. चार वर्षांनी ते पदकाला पोहोचले. त्या चार वर्षांत कराड-कोल्हापुरात मॅट अंथरल्या गेल्या नव्हत्या; त्यांच्याकडे आलं होतं ते नियमाचं ज्ञान. आणि हेलसिंकीतच त्याचा दुसरा धडाही आहे. जपानच्या इशीशी झालेल्या लांबलेल्या कुस्तीनंतर त्यांना लगेच सोव्हिएत मल्लापुढे उभं केलं गेलं. नियमाप्रमाणे मध्ये अर्धा तास विश्रांती हवी होती, पण त्यांची बाजू मांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. ज्या माणसाला पाठवायला त्यांच्या प्राचार्यांनी, खर्डेकरांनी, स्वतःचं घर गहाण टाकलं, त्याच्या बाजूने नियम सांगणारा एक आवाज आपण पाठवला नाही. हे वाचताना मला आजही गलबलून येतं.

आणि पदकांची यादी जरा बारकाईने बघितली तर आणखी एक गोष्ट दिसते. खाशाबा ५७ किलो. रवी दहिया ५७, अमन सेहरावत ५७. साक्षी मलिक ५८, योगेश्वर दत्त ६०, बजरंग पुनिया ६५, सुशील कुमारची दोन्ही पदकं ६६ मध्ये. आठच्या आठ पदकं ६६ किलोच्या आतली. आपल्या मैदानात ६० किलोच्या गड्याला काय मिळतं? दुपारच्या उन्हात एक कुस्ती, शंभर-दोनशे रुपये आणि टाळ्या. इनाम, गदा, पोस्टरवरचा फोटो, मोटारसायकल हे सगळं अखेरच्या कुस्तीला, म्हणजे शंभर किलोच्या पुढच्याला. चपळ पोरगा अठराव्या वर्षी बघतो की इज्जत वजनात आहे, मग तो दूध-तूप-बदाम वाढवून अंग फुगवतो किंवा कुस्ती सोडून पोलीस भरतीच्या मागे लागतो. हे माती करत नाही. मॅटवर महाराष्ट्र केसरी खेळवूनही ते तसंच राहतं. कुणाची जोड कुणाशी लावायची आणि कुणाच्या कुस्तीला किती इनाम ठेवायचं, हेही नियमच आहेत, आणि ते लिहिणारे आपणच, गावोगावच्या कमिट्या.

मॅट आली की शिस्त आपोआप येते, हा समज तर २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला मोडला. महाराष्ट्र केसरीची गादीवरची, म्हणजे मॅटवरची कुस्ती, खांदे टेकले की नाही यावर वाद, पंचांना लाथ, आणि मग दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी. गादी पंचांना वाचवू शकली नाही. गड्याला नियम ठाऊक असणं, पंचाला तो लोकांसमोर समजावून सांगता येणं आणि प्रेक्षकाला तो कळणं, या तिन्ही गोष्टी असतील तरच निकालावर विश्वास बसतो.

एका बाबतीत मात्र मी मॅटवाल्यांच्या बाजूने निःसंकोच उभा आहे. आमच्या जुन्या तालमींनी मुलींना दार उघडलं नाही. हौद्याच्या, म्हणजे मातीच्या आखाड्याच्या कडेला बाईने यायचं नाही ही रीत मी लहानपणी पाहिली, तेव्हा ती चुकीची वाटलीही नाही, याची मला आज लाज वाटते. २००४ मध्ये महिलांची कुस्ती ऑलिंपिकात आली ती फ्रीस्टाईल म्हणून. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. प्रतीक्षा बागडी जिंकली, आणि अंतिम कुस्तीत तिच्यासमोर होती आपल्या ठाणे जिल्ह्यातली, कल्याणची वैष्णवी पाटील. ज्या गावात मुलींच्या कुस्तीला विरोध असेल, तिथे मातीचं पावित्र्य हे कारण मला मान्य नाही. माती मुलींनी बाटत नाही.

माझी पुतणी अकरा वर्षांची आहे. घणसोलीतल्या एका हॉलमध्ये ती मॅटवर शिकते. गेल्या जत्रेत हट्टाने मातीत उतरली. समोर तिच्याहून थोराड मुलगी. खडाखडी झाली, हिने एकेरी पट काढला, तिला खाली घेतलं आणि मागून ताबा घेऊन थांबली, कारण हॉलमध्ये तेवढ्याला दोन गुण असतात. कठड्यावर बसलेले एक आजोबा ओरडले, "अगं बाय, थांबलीस का? पाठ लाव तिची!" ती गोंधळून पंचांकडे बघत राहिली. पंच काही बोलले नाहीत. तेवढ्यात खालची उठली, वेळ संपली, कुस्ती बरोबरीत सोडवली, दोघींना एकेक नारळ दिला. घरी येताना स्कूटरवर मागून तिने विचारलं, "काका, मी जिंकले होते ना?" हॉलच्या नियमाने जिंकली होती. हौद्याच्या नियमाने नव्हती. आणि त्या दिवशी नियम कोणता होता हे ना तिला कुणी सांगितलं होतं, ना पंचांना.

पुढच्या बैठकीत मी माती काढा असं म्हणणार नाही. हौदा तसाच राहू दे. ताक, तेल, हळद घालून माती नेहमीसारखी मळू दे, हलगी वाजू दे. नारळाच्या कुस्त्यांपासून ६६ किलोपर्यंतच्या सगळ्या कुस्त्या वजनकाट्यावर जोड लावून, गुण मोजून घ्या. चितपट झाली तर तिथेच निकाल. अखेरच्या कुस्तीच्या इनामातला निम्मा भाग ५७ किलोच्या कुस्तीकडे वळवा. पंच म्हणून नियमांची परीक्षा दिलेला माणूस बोलवा आणि पहिल्या कुस्तीआधी पाच मिनिटं माइक त्याच्या हातात द्या, म्हणजे कठड्यावरच्या आजोबांनाही दोन गुण कशाचे ते कळेल. आणि हौद्याशेजारी एक मोठी पाटी हवी, लाल आणि निळ्या खडूने गुण लिहायला. पाटी मी शाळेतून मागून आणतो. लिहायला पुतणी बसेल, तिची स्वतःची कुस्ती लागेपर्यंत.